कॅन्टन फेअरला पहिल्यांदाच जायचंय, कुठला फेज धरू? (गणपती डेकोरेशनचा माल)

मिरजेचा_गिफ्टवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मिरजेत आमचं गिफ्ट आर्टिकलचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. खरा धंदा गणपतीचा. मखराचं सामान, आर्टिफिशियल फुलांच्या माळा, तोरणं, झुंबरं, एलईडीच्या माळा, पडदे असलं सगळं. आजवर माल मुंबईहून, मस्जिद बंदर नाहीतर अब्दुल रहमान स्ट्रीटवरून उचलतो, थोडाफार पुण्याच्या बोहरी आळीतून. आता तिथले होलसेलवाले हाच माल चीनहून आणतात हे काय लपून राहिलेलं नाही, खोक्यावरच लिहिलेलं असतं. मागच्या सीझनला एका होलसेलरने आम्हाला ऐनवेळी मागच्या वर्षीचा माल नव्या खोक्यात घालून दिला, श्रावणात खोकी उघडली तर माळांना कुबट वास, तेव्हापासून डोक्यात बसलंय की आपणच जाऊन बघावं.

चुलतभाऊ म्हणतो कॅन्टन फेअरला जा, चीनमध्ये ग्वांगझौला ऑक्टोबरमध्ये ते व्यापाऱ्यांचं मोठं प्रदर्शन असतं. नेटवर बघितलं तर तीन फेज, तारखा वेगळ्या, एरिया ए बी सी डी, मला काय कळेना झालंय. फुलं एका फेजला आणि लाइट दुसऱ्या फेजला असं दिसतंय, मग दोनदा जायचं का काय? बजेट पहिल्या खेपेला आठ ते दहा लाखाचा माल, प्रवास वेगळा. इंग्लिश कामापुरतं येतं. शाकाहारी आहे. आईला एकच काळजी, तिकडे खाणार काय.

कुणी जाऊन आलेलं असेल तर सांगा की राव. आमंत्रण लागतं म्हणे, ते कोण देतं? आणि तिथंच थोडा थोडा माल विकत घेऊन बॅगेत आणता येतो का?

---

इचलकरंजीचा_काका

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तिथंच सगळे फसतात. नाही. कॅन्टन फेअर म्हणजे जत्रा नाही रे बाबा, तिथे रिटेल विक्री करायचीच नसते, स्टॉलवरचं सगळं सॅम्पल असतं. शेवटच्या दिवशी दुपारनंतर आवराआवर करताना कुणी हळूच सॅम्पल देतो, पण त्या भरवशावर कुणी चार हजार किलोमीटर जात नाही. तिथे तू ऑर्डर ठरवायला जातोस, किंवा खरं सांगायचं तर पहिल्या खेपेला फक्त माणसं आणि भाव बघायला जातोस.

मी पहिल्यांदा २००५ ला गेलो, लूमचे पार्ट बघायला. तेव्हा फेअर दोन जागी विभागलेलं, एक जुनी जागा लिउहुआ, गावात रेल्वे स्टेशनपाशी, आणि एक नवी पाझोउला. दिवसभर इकडून तिकडे बसमधून फिरण्यातच जीव जायचा. २००८ च्या ऑक्टोबरपासून सगळं पाझोउला गेलं. पाझोउ म्हणजे पर्ल नदीतलं बेट, आता तिथे हे अवाढव्य काम उभं आहे. सुरुवात १९५७ ची, वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबर. त्या काळात चीनशी धंदा करायला बाहेरच्यांना हेच एक दार होतं म्हण ना. २००७ पर्यंत नावातही फक्त एक्सपोर्ट होतं, मग इम्पोर्ट घातलं. कोविडात फेअर बहुतेक ऑनलाइनच चाललं, २०२३ च्या एप्रिलपासून पुन्हा पूर्ण भरायला लागलं आणि त्याच वेळी एरिया डी नवा उघडला. आता एकूण प्रदर्शनाची जागा साडेपंधरा लाख चौरस मीटर सांगतात. एकरात काढलीस तर ३८० च्या वर जातं. आपल्याकडे गोरेगावला नेस्कोत प्रदर्शन बघून पाय दुखले म्हणणारी माणसं आहेत, त्यांनी इथे यायचा विचारच करू नये.

फेजचं म्हणशील तर ते मालावरून आहे. ऑक्टोबरचं गणित असं, १५ ते १९ पहिला फेज, त्यात इलेक्ट्रॉनिक्स, मशिनरी, गाड्यांचे पार्ट, हार्डवेअर, आणि तुझे लाइट. २३ ते २७ दुसरा, त्यात घरगुती सामान, भांडीकुंडी, गिफ्ट, डेकोरेशन, फेस्टिव्हल आयटम, फर्निचर. मग ३१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर तिसरा, त्यात कपडे, चपला, खेळणी, स्टेशनरी, खाण्याचं वगैरे. मधले तीन दिवस जुने स्टॉल काढून नवे लावतात, तेव्हा आत कुणाला सोडत नाहीत. म्हणजे तुझी फुलं दुसऱ्यात आणि एलईडीच्या माळा पहिल्यात, बरोबर वाचलंयस तू.

आमंत्रणाचं काही अवघड नाही. फेअरच्या साइटवर बायर म्हणून नाव नोंदव, पत्र ऑनलाइनच निघतं. त्याच्यावर व्हिसा, एम कॅटेगरीचा, म्हणजे व्यापाराचा. बॅज तिथे गेल्यावर मिळतो, पासपोर्ट ओरिजिनल दाखवायचा. विमानतळावरही फेअरच्या दिवसांत काउंटर असतात, तिथेच उरकून टाक, हॉलच्या दारात सकाळी साडेनऊला लाइन बघितलीस की कळेल का म्हणतोय. आणि बॅज जपून ठेव, पुढच्या वेळीही चालतो, माझा एकच बॅज बरीच वर्षं गळ्यात आहे, फोटोत केस काळे आहेत.

---

शेन्झेनवाली_ताई

काकांनी इतिहास सांगितला, मी पोटाचं आणि फोनचं सांगते 😀 मी मूळची नाशिकची, नवऱ्याच्या नोकरीमुळे चीनमध्ये शेन्झेनला सात वर्षं काढली, फेअरच्या वेळी ओळखीतल्या गुजराती-मारवाडी व्यापाऱ्यांबरोबर भाषांतर करायला जायचे, त्यामुळे पाझोउचे हॉल पाठ झालेत.

आधी फोन. तिकडे गूगल, जीमेल, व्हॉट्सअॅप यातलं काहीच चालत नाही. चालतं ते आपल्या भारतातल्या सिमच्या इंटरनॅशनल रोमिंगवर, कारण तो डेटा आपल्या कंपनीकडून फिरून येतो. त्यामुळे रोमिंग पॅक इथूनच टाकून जा, हॉटेलच्या वायफायवर विसंबून राहू नका. वीचॅट, म्हणजे तिकडचं व्हॉट्सअॅप, इथेच डाउनलोड करून अकाउंट सुरू करून घ्या, तिकडे गेल्यावर व्हेरिफिकेशनसाठी कुणीतरी ओळखीचं वीचॅटवालं लागतं आणि मग पंचाईत होते. स्टॉलवर कुणी तुमचा ईमेल विचारत नाही, सरळ क्यूआर कोड पुढे करतात. अलीपे या तिकडच्या पेमेंट अॅपमध्ये आपलं व्हिसा नाहीतर मास्टरकार्ड जोडता येतं, रुपे नाही. २०० युआनच्या वरच्या पेमेंटला ३ टक्के कापतात, तेवढं लक्षात ठेवा. थोडी रोख असू द्या, पण खरं सांगायचं तर रस्त्यावरची भाजीवालीसुद्धा कोड पुढे करते, नोट दिली की सुट्टे शोधायला शेजारी पळते.

गूगल मॅप नाही म्हणून घाबरू नका, मेट्रो एकदम सरळ आहे. विमानतळावरून ३ नंबरची लाइन पकडायची, केत्सुनला उतरून ८ नंबर, आणि मग एरिया ए साठी शिनगांगदोंग स्टेशन, बी आणि सी साठी पाझोउ. फेअरच्या दिवसांत संध्याकाळी सहाला हॉल सुटतात तेव्हा पाझोउ स्टेशनवर जी गर्दी असते ती बघून दादर आठवतं, फरक एवढाच की सगळे रांगेत असतात आणि कुणाच्या गळ्यात डबा लागत नाही. शक्यतो साडेचारला निघा नाहीतर सात वाजू द्या.

हॉटेल पाझोउलाच हवं असा हट्ट नको, फेअरच्या तारखांना तिथले भाव दुप्पट तिप्पट होतात. ८ नंबर लाइनवर कुठेही घ्या, पश्चिमेकडे तीन चार स्टेशनं गेलात की भाव खाली येतात. बुक करताना फक्त एवढं बघा की परदेशी पासपोर्टवाल्याला ठेवतात का, छोट्या हॉटेलांत कधी कधी नाही म्हणतात. हॉटेलचं नाव चिनी अक्षरांत लिहून घ्या आणि तो कागद खिशात ठेवा, टॅक्सीवाल्याला इंग्लिश नाव दाखवून काही उपयोग नाही.

आता आईंची काळजी. भाजी मागितली की हिरवा पाला लसूण घालून मस्त परतून देतात, पण वरून ऑयस्टर सॉस ओततात, तो शिंपल्यांचा. त्याला हाओयौ म्हणतात, तो नको म्हणून सांगायचं. आणि "वो ची सू" म्हणजे मी शाकाहारी आहे, हे पाठ करा, पण त्यावरही वांग्यात खिमा घालून देणारे भेटतात कारण त्यांच्या मते खिमा म्हणजे काही मांस नव्हे, चवीला घातलेलं आहे! फेअरच्या आत खायचे स्टॉल आहेत, भारतीय थाळीसारखं काहीतरी मिळतं, महाग आणि बेचव. ग्वांगझौमध्ये भारतीय हॉटेलं बरीच आहेत, श्याओबेई भागात आपल्याकडचे, अरब, आफ्रिकन सगळे व्यापारी असतात, तिकडे रात्री डाळ-भात मिळून जाईल. चिवडा, चकली, मेथीचे ठेपले, इन्स्टंट उपमा खुशाल न्या. ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ मात्र नेऊ नका, कस्टमला काढून घेतात, त्यामुळे आईंनी पेढे दिले तर ते मुंबईतच संपवा.

---

न्हावाशेवा_क्लिअरिंग

वरच्या दोघांनी जाण्याचं सांगितलं, मी येण्याचं सांगतो म्हणजे मालाच्या. बावीस वर्षं क्लिअरिंगचं, म्हणजे कस्टममधून माल सोडवायचं काम करतोय, उरणला ऑफिस. तुझ्यासारखी दोन-तीन पोरं दर सीझनला येतात, कंटेनर पोर्टला लागल्यावर. तेव्हा मी काय करणार, आधी विचारा रे.

पहिली गोष्ट आयईसी, म्हणजे इम्पोर्ट-एक्सपोर्ट कोड, काढलाय का. डीजीएफटीच्या, म्हणजे सरकारच्या परदेशी व्यापाराच्या खात्याच्या साइटवर निघतो, फी ५०० रुपये, एजंटला पाच हजार देऊ नकोस. मग बँकेचा एडी कोड, म्हणजे परदेशी पैशाच्या व्यवहाराचा नंबर, पोर्टला रजिस्टर करायला लागतो. हे दोन्ही चीनला जायच्या आधी.

दुसरी आणि महत्त्वाची, बीआयएस, म्हणजे मालाचा दर्जा ठरवणारी सरकारी संस्था. तू म्हणतोस एलईडीच्या माळा. लाइटिंग चेन, रोप लाइट हे सगळं बीआयएसच्या सक्तीच्या रजिस्ट्रेशनच्या यादीत आहे. ज्या फॅक्टरीचं रजिस्ट्रेशन नाही तिचा माल आला की अडकला, मग डेमरेज, डिटेन्शन, म्हणजे माल आणि कंटेनर अडकून पडल्याचे रोजचे पैसे, आणि शेवटी परत पाठव नाहीतर नष्ट कर. स्टॉलवरची पोरगी तुला सीई सर्टिफिकेट दाखवेल, ते युरोपचं, आपल्याकडे त्याला कुणी विचारत नाही. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएस सक्तीचं आहे आणि ड्युटी ७० टक्के झाली २०२३ ला. त्यामुळे गिफ्टच्या नावाखाली दिव्याचा टेडी, किल्लीची बाहुली असलं काही घ्यायचा मोह झाला तर आधी मला फोटो पाठव, कारण ते खेळणं धरायचं का शोपीस हे तू ठरवत नाहीस, कस्टमचा ऑफिसर ठरवतो. स्टीलच्या, अॅल्युमिनियमच्या भांड्यांनाही बीआयएस सक्तीची सरकारी ऑर्डर २०२४ ला निघाली, इन्सुलेटेड बाटल्यांची त्याच्याही आधी. आणि चायनीज फॅक्टरीला लायसन्स मिळणं सोपं राहिलेलं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, लाइट सोडून दे. तो माल मुंबईतूनच घे, रजिस्ट्रेशनवाला, बिलासकट. तुझी फुलं, माळा, तोरणं, झुंबराचे ऍक्रिलिक, पडदे हे आण. म्हणजे पहिल्या फेजचा प्रश्नच मिटला, २३ ला जा.

आता फुलांचं गणित. आर्टिफिशियल फुलं एचएस कोड, म्हणजे कस्टमचा मालाचा नंबर, ६७०२. हा माल हलका पण फुगीर. वीस फुटी कंटेनरात साधारण २८ सीबीएम (घनमीटर) बसतं, तुझा कंटेनर वजनाने कधीच भरणार नाही, हवेनेच भरेल. स्टॉलवर एक माळ चार युआन ऐकून तू खूश होशील, पण विचारायचं ते हे की एका कार्टनमध्ये किती नग आणि कार्टनची लांबी-रुंदी-उंची किती. त्यावरून एका नगाला भाडं किती पडतं ते काढ. कधी कधी भाडं धरून मस्जिद बंदरचाच भाव येतो, खोटं नाही सांगत. दबून पॅक होणारा माल घे, मोकळ्या पाकळ्या वेगळ्या आणि देठ वेगळे, जोडणी इथे बायकांकडून करून घेता येते.

भाव सांगतील तेव्हा विचारायचं एफओबी का एक्सवर्क्स. एफओबी म्हणजे तिकडच्या पोर्टला बोटीवर चढवेपर्यंतचा खर्च भावात धरलेला. एक्सवर्क्स म्हणजे फॅक्टरीच्या दारात, तिथून पोर्टपर्यंतचं तुझ्या बोडक्यावर. पेमेंट सहसा ३० टक्के अॅडव्हान्स, बाकी ७० बीएलची, म्हणजे माल बोटीवर चढल्याच्या कागदाची कॉपी आल्यावर. शंभर टक्के आधी दे म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. आणि पैसे कंपनीच्याच खात्यात. ऐनवेळी मेल येतो की आमचं बँक खातं बदललंय, या दुसऱ्या खात्यात भरा. मेल हॅक झालेला असतो. फोन करून, व्हिडिओवर त्याच माणसाचं तोंड बघून खात्री केल्याशिवाय एक रुपया हलवायचा नाही.

---

धायरीचा_विशाल

एक शंका, आजकाल अलिबाबावर, म्हणजे चीनच्या होलसेल साइटवर, सगळं दिसतं, व्हिडिओ कॉलवर फॅक्टरी दाखवतात, मग एवढा दीड-दोन लाख खर्च करून जायचं कशाला? त्या पैशात सॅम्पल मागवून होतील की. आणि जायचंच तर चीनमधल्याच यीवूला जा, कॅन्टन फेअर मोठ्या पार्ट्यांसाठी आहे, तिथे एमओक्यूच, म्हणजे कमीत कमी ऑर्डरच, पाच हजार नग सांगतात. यीवूच्या मार्केटमध्ये पंचाहत्तर हजार गाळे आहेत, वर्षभर चालू, पाच कार्टन दहा कार्टनसुद्धा देतात. आठ-दहा लाखवाल्याची जागा ती आहे.

---

इचलकरंजीचा_काका

विशाल, यीवूचं तुझं बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण अलिबाबाचं नाही पटत. अरे माळ हातात घेऊन ओढून बघायची असते, पान तुटतं का, वास कसला येतो. मिरजकराची तक्रारच वासाची आहे! फोटोत वास येत नाही.

आणि दुसरं म्हणजे एकाच हॉलमध्ये एकाच मालाचे शंभर-दीडशे स्टॉल शेजारी शेजारी. पहिल्या तीन स्टॉलवर भाव विचारतोस तेव्हा तुला काही कळत नाही, दहाव्या स्टॉलवर तुला कळतं की पहिला कुठे हात मारत होता. विसाव्याला तूच त्याला सांगतोस कापड कुठलं वापरलंय ते. हे शिक्षण घरबसल्या नाही होत. कोण फॅक्टरीवाला आणि कोण नुसता ट्रेडर तेही तिथेच कळतं, म्हणजे साच्याबद्दल, रंगाबद्दल विचारलं की ट्रेडर "आय चेक अँड टेल यू" म्हणतो आणि फॅक्टरीवाला लगेच पेन काढून चित्र काढायला लागतो.

एमओक्यूचं घाबरू नको. पाच हजार सांगतात, दुसऱ्या दिवशी परत गेलास की मिक्स करून द्यायला तयार होतात, दहा डिझाइन पाचशे-पाचशे. भाव थोडा वाढवतात. पहिल्या दिवशी ऑर्डर द्यायचीच नाही, हा माझा नियम, चौथ्या दिवशी द्यायची.

---

शेन्झेनवाली_ताई

मिक्सचाच विषय निघालाय तर, यीवू झेजियांग प्रांतात आहे, ग्वांगझौहून ट्रेनने दिवस जातो. त्यापेक्षा ग्वांगझौमध्येच यीदे लू नावाचा रस्ता आहे, ६ नंबर मेट्रोवर त्याच नावाचं स्टेशन. खेळणी, स्टेशनरी, सणावाराची सजावट याचं होलसेल मार्केट, आपल्या अब्दुल रहमान स्ट्रीटची मोठी बहीण म्हणा. बाजूलाच सुक्या मासळीची लाइन आहे त्यामुळे शाकाहारी माणसाने नाक धरून पुढे जायचं 😄 तिथे कार्टनवर माल मिळतो. फेअर सुरू व्हायच्या एक दिवस आधी या आणि आधी यीदे लू फिरा, म्हणजे फेअरमध्ये भाव ऐकल्यावर पाया पक्का असेल.

बाहेर गेटवर पोरं-पोरी "ट्रान्सलेटर, ट्रान्सलेटर" करत उभ्या असतात, कॉलेजची मुलं असतात, बरीच चांगली. फक्त आधी दिवसाचा भाव ठरवा आणि आपण ज्या स्टॉलवर जाऊ म्हणू तिथेच न्यायचं हे बजावा, काही जण कमिशनवाल्या दुकानात घेऊन जातात. फेअरच्या आत बहुतेक स्टॉलवर इंग्लिश येतंच, तुमच्यापुरतं होईल.

---

जयसिंगपूर_झेंडू

मिरजकर, राग मानू नका पण आमच्या पोटावर पाय आणताय 🙂 माझा भाऊ झेंडू लावतो, दोन वर्षं दसऱ्याला भाव पडला की लोक म्हणतात प्लास्टिकची माळ चार वर्षं टिकते. २०२५ ला विधानसभेत प्लास्टिक फुलांच्या बंदीवर बोलणं झालंय, ते डोक्यात ठेवून माल भरा. उद्या बंदी आली तर गोडाऊनभर गुलाब घेऊन बसाल.

---

मिरजेचा_गिफ्टवाला

झेंडूवाले दादा, राग कसला, तुमचं खरं आहे. आमच्याच घरात गणपतीला खरी फुलं असतात, आई प्लास्टिकचं देवाला चालवून घेत नाही, ते फक्त दुकानात. बंदीचं माझ्या खरंच ध्यानात नव्हतं. मग कापडी, कागदी, लाकडी फ्रेम असलं काही बघावं का? तसा माल तिथे मिळतो का?

न्हावाशेवा साहेब, लाइट सोडले. भावाला सांगितलं तर तो म्हणाला लाइटमध्येच मार्जिन आहे, पण तुमचा डेमरेजचा शब्द ऐकून गप्प बसला.

एकच राहिलं. ऑक्टोबरला ऑर्डर दिली तर पुढचा गणपती ऑगस्ट-सप्टेंबरला, म्हणजे दहा महिने माल अडकून पडणार ना? त्यापेक्षा एप्रिलच्या फेअरला गेलो तर?

---

न्हावाशेवा_क्लिअरिंग

एप्रिलचा दुसरा फेज २३ ते २७. तू परत येऊन सॅम्पल पास करेपर्यंत मे उजाडतो. प्रॉडक्शन ३० ते ४५ दिवस, म्हणजे जून अखेर. बोट दक्षिण चीनहून न्हावाशेवाला सरळ असली तर १५ ते २० दिवस, सिंगापूर-कोलंबोला माल उतरवून बदलला तर आणखी. क्लिअरिंगला आठवडा धर. जुलैचे शेवटचे दिवस, धो धो पाऊस, कंटेनर उघडताना कार्टन भिजणार, आणि तुझे गावोगावचे दुकानदार तर आषाढी झाली की माल उचलायला लागतात. एक आठवडा जरी लांबलं तरी गणपती गेला, माल दिवाळीला विकत बस. नवीन माणसाने हे करू नये.

ऑक्टोबरचं चांगलं. नोव्हेंबरमध्ये सॅम्पल, डिसेंबर-जानेवारीत प्रॉडक्शन, फक्त चायनीज न्यू इयरच्या आधी माल बोटीवर चढला पाहिजे हे प्रोफॉर्मात, म्हणजे ऑर्डरच्या आधीच्या कच्च्या बिलात, तारखेसकट लिहून घे. ते न्यू इयर २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या मध्ये कधीतरी येतं, आणि त्याच्या आगेमागे फॅक्टऱ्या तीन-चार आठवडे बंद, कामगार गावी जातात, त्यातले काही परत येतच नाहीत, आणि तुझी ऑर्डर मग नवशिक्यांच्या हातात. न्यू इयरच्या अगदी आधीचा आठवडा टाळ, घाईत पॅक केलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरड्या हवेत माल मिरजेला पोचेल. पैसे अडकतात, मान्य, पण कुबट वास नको असेल तर हेच.

---

इचलकरंजीचा_काका

कापडी, कागदी, लाकडी सगळं मिळतं, युरोपवाल्यांना प्लास्टिक नको झालंय त्यामुळे दुसऱ्या फेजला तसे स्टॉल वाढलेत. बांबू, ज्यूट, वाळलेली गवतं, मागच्या खेपेला तर खऱ्या वाळवलेल्या फुलांचा एक अख्खा पट्टा बघितला. फक्त वाळलेलं गवत, लाकूड म्हटलं की प्लांट क्वारंटाइनचं, म्हणजे किडीच्या सरकारी तपासणीचं, काय लागतं ते उरणच्या साहेबांना विचारून मगच घे.

आता फिरायचं कसं ते सांगतो, हे कुणी सांगत नाही. स्टॉलचा नंबर १०.२ ई १५ असा असतो. म्हणजे १० नंबरचा हॉल, दुसरा मजला, ई ओळ, पंधरावा स्टॉल. हे कळलं की अर्धं काम झालं. जायच्या आधी फेअरच्या साइटवर तुझ्या मालाचे स्टॉल शोधून एका कागदावर हॉलप्रमाणे लिहून काढ, आणि एका दिवसात दोनच हॉल धर. लोक पहिल्या दिवशी जोशात ए पासून डी पर्यंत सगळं बघतात आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलात पाय गरम पाण्यात घालून बसतात, मी पण बसलोय. बूट जुने, पायात रुळलेले. नवे घातलेस तर दुपारपर्यंत फोड.

कॅटलॉग गोळा करू नकोस, दहा किलो कागद होतो आणि घरी कुणी उघडत नाही. एक जाड वही, एक स्टेपलर. स्टॉलवर गेलं की आधी स्टॉल नंबरच्या पाटीचा फोटो, मग मालाचा, मग त्याचं कार्ड वहीत स्टेपल करून शेजारी तिथल्या तिथे लिही, भाव, एफओबी कुठलं पोर्ट, कार्टनचं माप, एमओक्यू, आणि माणूस कसा वाटला ते मराठीत. मराठीतच, समोरच्याला वाचता येत नाही. माझ्या वह्यांत "गोड बोलतो, टाळावा" असं बरंच आहे.

तुझी स्वतःची कार्डं दोनशे तरी ने.

---

धायरीचा_विशाल

काका, वहीवाली आयडिया भारी. मी शब्द मागे घेतो, निदान यीवूचा आग्रह सोडतो. जायचं कसं पण? डायरेक्ट विमान आहे का आता?

---

शेन्झेनवाली_ताई

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कोलकात्याहून आणि दिल्लीहून ग्वांगझौला पुन्हा डायरेक्ट सुरू झाली, मधली पाच वर्षं बंद होती. मिरजकरांना मुंबईहून हाँगकाँग सोयीचं पडू शकतं. तिथे वेस्ट काऊलूनहून हायस्पीड ट्रेन तासाभरात ग्वांगझौला नेते, आणि दोन्हीकडचं इमिग्रेशन त्याच स्टेशनवर उरकतं. पण हाँगकाँगमध्ये बाहेर पडायचं तर भारतीयांना आधी ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन करावं लागतं, फुकट असतं, पण ते नसेल तर मुंबईतच चेक-इनला अडवतात. आणि चीनचा व्हिसा वेगळा, तो त्यात येत नाही, माझ्या ओळखीतल्या एकाने ते दोन्ही एकच समजून तिकीट वाया घालवलंय. व्हिसाला ऑगस्टमध्येच लागा, सप्टेंबरला सगळा महाराष्ट्र आणि गुजरात एकदम फॉर्म भरत असतो.

---

मिरजेचा_गिफ्टवाला

ठरलं. २२ ला यीदे लू, २३ ते २६ फेअर, २७ ला निघायचं. आयईसीचा फॉर्म आज भरला, खरंच ५०० च रुपये लागले, इथला एजंट साडेचार हजार म्हणत होता. काका, तुम्ही या ऑक्टोबरला आहात का? एकत्र जेवू, ठेपले माझ्याकडून.

---

इचलकरंजीचा_काका

मी या वेळी पहिल्या फेजलाच आहे रे, मशिनरी. १९ ला संपलं की २० ला परत. तू येशील तेव्हा मी इचलकरंजीत. पण आल्यावर वही घेऊन घरी ये, इचलकरंजी काय लांब आहे, बघू कुठल्या स्टॉलवाल्याला काय लिहिलंयस.

आणि स्टेपलरच्या पिना दोन डब्या जास्तीच्या घे. माझ्या दुसऱ्याच दिवशी संपल्या होत्या, एवढ्या मोठ्या फेअरमध्ये फिरलो, एक डबी मिळाली नाही. स्टेशनरी तिसऱ्या फेजला असते.